वावरात आलेला फोटो

छायाचित्रणाची कला शिकवणारे एक वृद्ध गुरुजी एकदा आपल्या लाडक्या शिष्याला घेऊन एका उजाड गावी गेले. तिथल्या वीजकेंद्राचा, जळालेल्या कोळशाची राख साठवायचा तलाव फुटून सारी शेते राखेखाली गाडली गेली होती. मोठ्या प्रदर्शनाला पाठवायचे छायाचित्र शिष्याला त्याच संध्याकाळी हवे होते. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

सूर्य कलला आणि ती करडी राख चांदीसारखी उजळली. शिष्य हरखून गेला. अशा जागी माणसाने हरखावे का, असे तुम्ही विचाराल; पण कॅमेरा डोळ्याला लावला की भल्याभल्यांचे असे होते. एवढ्यात कौतिकाबाई नावाची एक म्हातारी राखेखाली गेलेल्या आपल्या शेतातून चालत नेमकी समोर आली.

"आजी, जरा बाजूला व्हा ना. फोटोत येताय," शिष्य म्हणाला.

"मी कुठं फोटोत आली, बाबू? तुझाच फोटो माह्या वावरात आला," म्हातारी शांतपणे म्हणाली.

हे ऐकताच गुरुजींनी शिष्याच्या कॅमेऱ्यावर झाकण बसवले. "माय, आता तुमचाच फोटो काढू. तयार होऊन या, घाई नाही."

म्हातारी घरी गेली. इकडे ऊन उतरले आणि राख पुन्हा करडी झाली. शिष्याचा चेहरा पडला. "गुरुजी, असा उजेड पुन्हा मिळायचा नाही. सगळी मेहनत पाण्यात गेली."

गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वेड्या, तो फोटो बघून लोक 'किती सुंदर' म्हणाले असते आणि पुढे गेले असते. नुकसान नेहमी कुणाचे तरी असते. त्या माणसाला बाजूला सारलेस, तर तुझ्या हाती नुसती राख उरते."

म्हातारी आली ती केसांना तेल लावून, ठेवणीतले हिरवे लुगडे नेसून. सपाट राखेत एक जागा शोधून ती ताठ उभी राहिली. "इथं आमची विहीर होती. घरातले सारे फोटो इथंच निघत," ती म्हणाली.

शिष्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा खाली घेतला. "आजी, मी उभा आहे तिथे काय होतं?"

"तिथं? माह्या सासूनं लावलेला मोगरा होता."

शिष्य हळूच बाजूला झाला. मग त्याने फोटो काढला.