थोरलीच्या गव्हाणीतला पेंढा

ऐक गव्हाणीतल्या बाळा, तुझी कहाणी. आटपाट गाव होतं, खाडीच्या काठी. तिथं दोन जावा राहत होत्या, एका अंगणात, दोन चुलींवर. थोरली कातरीन. तिचं शेत पिकलेलं, अंगणात पेंढ्याची उडवी उभी. धाकटी बेलू. तिचा नवरा ऐन पेरणीत वारला, शेत पडीक राहिलं. पदरात लहानगी लेक आणि दावणीला एक गाय, एवढाच तिचा संसार.

नाताळाआधीचे चार रविवार आले, प्रभूच्या आगमनाचा काळ आला. थोरली फादरांकडे गेली. "फादर, मला काही वसा द्या." फादर म्हणाले, "बाई, घेशील, उतशील, मातशील." "उतणार नाही, मातणार नाही." "मग ऐक. घरी लाकडाची गव्हाण मांड. रोज कुणाचं तरी भलं कर. एका भल्याची एक काडी गव्हाणीत टाक. नाताळच्या पहाटे बाळ येशूला तिथं निजव."

थोरलीनं वसा घेतला. वाटेतला काटा उचलला, एक काडी टाकली. फाटक्या तोंडाच्या शेजारणीला उलट बोलली नाही, एक काडी टाकली. पण एकेका काडीनं गव्हाण भरेना, आणि थोरलीला कुठला धीर? मग तिनं उडवीतल्या पेंढ्या सोडल्या, पिवळ्याधमक काड्या निवडल्या, ओंजळीनं भरल्या. कुणी पाहिलं का? देवानं पाहिलं. पण तो लगेच बोलत नाही, ही त्याची जुनी खोड.

पहिला रविवार आला, चार मेणबत्त्यांतली पहिली लागली. धाकटी दारात आली. "जाऊबाई, गाय उपाशी आहे, एक पेंढी द्या." "अजून निवडायचा आहे गं. हा प्रभूचा पेंढा." धाकटी गेली. दुसरा रविवार आला. "जाऊबाई, गाय आटत चालली, अर्धी पेंढी द्या." "प्रभूचा आहे, सांगितलं ना?" धाकटी गेली. तिसरा रविवार आला. "जाऊबाई, लेकीला दूध नाही, मूठभर तरी द्या." "मग काय, प्रभूच्या अंगाखालचा काढून देऊ?" धाकटी गेली.

चौथ्या रविवारी चारही मेणबत्त्या लागल्या. थोरलीनं हात जोडले. "ये प्रभू, ये." दाराकडे पाहिलं. कुणी आलं नाही, धाकटीसुद्धा नाही. तिला जरा बरंच वाटलं.

नाताळची पहाट झाली. चर्चमध्ये मिस्सा ऐकून थोरली घरी आली. मातीचं बाळ फडक्यातून काढलं, गव्हाणीत ठेवलं. ते घरंगळलं. परत ठेवलं, परत घरंगळलं. मग पेंढा दाबला, तिसऱ्यांदा ठेवलं. पेंढा फुगून वर आला, बाळ तिच्या पदरात पडलं. नवरा पास्कू बघत होता. म्हणाला, "अगो, गव्हाण तूच भरून टाकलीस. त्याला यायला जागा कुठं ठेवलीस?"

 थोरली बाळाकडे बघत राहिली. हा महालात आला नाही, गोठ्यात आला. गरिबाच्या घरी गरीब होऊन राहायला आला. त्याला गादी नको होती, माणसं हवी होती. थोरली ढसाढसा रडली.

मग उठली. गव्हाण उपसली, उडवी मोडली. एक खेप केली, दुसरी केली, तिसरी केली. धाकटीच्या गोठ्यात गाय बसकण मारून होती. लेक रडून रडून निजली होती. थोरली म्हणाली, "बेलू, चुकले गं. तीनदा तो माझ्या दारी आला, तीनदा मीच हाकलला."

 धाकटीनं गाईपुढे पेंढा टाकला. गाईनं हुंगला, मग खाल्ला. धाकटीनं डोळे पुसले. "जाऊबाई, बाळ येशू कुठं आहे?"

"घरी. उघड्या फळीवर."

"मग इकडं आणा. इथं ऊब आहे."

बाळ गाईच्या गव्हाणीत निजलं, घरंगळलं नाही. नाताळानंतरच्या तीन राजांच्या सणापर्यंत गाय पान्हावली, लेक दूध प्याली, दोन चुलींची एक चूल झाली.

जशी धाकटीनं थोरलीला जागा दिली, तशी तुम्हांआम्हांला कुणी देवो, आणि आपल्या हातूनही घडो. ही चार मेणबत्त्यांची कहाणी एका उजेडी सुफळ संपूर्ण.