बाई, बोलत राहा

"बाई, बोलताय ना?"

"बोलतेय. तू हात चालव."

हिरव्या कापडाच्या एका बाजूला बाईंचा चेहरा होता. दुसऱ्या बाजूला त्यांचा उघडा मेंदू आणि त्यावर वाकलेला डॉ. अभिराम सोनटक्के.

गाठ नेमकी वाणीच्या जागेला चिकटलेली. अशी गाठ पेशंटला जागं ठेवून, बोलतं ठेवूनच काढावी लागते. शब्द अडला, की हात थांबवायचा.

हे त्याला शिकवलं होतं याच बाईंनी.

डॉ. शरयू उपासनी. कृष्णाकाठच्या एका शहरात त्यांनी मेंदूचा विभाग सुरू केला, तेव्हा डोक्याला मार बसलेला माणूस मुंबईला नेताना वाटेतच दगावायचा. सीटी स्कॅन नव्हतं. माणूस कसा चालतो, पेला कोणत्या हाताने धरतो, एवढ्यावरून त्या दुखण्याची जागा ओळखायच्या आणि हाताने फिरवायच्या गिरमिटाने कवटी उघडायच्या.

अभिराम त्यांचा सर्वांत तरबेज विद्यार्थी, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं. त्याचा हात कधी थरथरला नव्हता. आपण गाठीचा कणही मागे ठेवत नाही, असं तो परिषदांमधून सांगायचा. तरी नवी पोरं शिकवायला बाईंनी त्याच्याकडे कधी सोपवली नव्हती. बाईंच्याच डोक्यात गाठ निघाली, तेव्हाही तो म्हणाला होता, "काळजी करू नका. मी सगळी काढतो."



"थांबू नका, बाई. काहीतरी सांगा."

"काय सांगू?... माझा पहिला पेशंट सांगते. तालमीतला पैलवान. कुस्तीत डोक्यावर आपटला. आत रक्त साकळलं होतं. मी काढलं. वाचला."

"मग?"

"जेवायला लागला, चालायला लागला. पण कोणाला ओळखेना. एक म्हातारी माझ्यासाठी पेढे घेऊन आली. म्हणाली, माझा लेक परत दिलात. आणि तो तिच्याकडे बघून मला विचारतोय, ही कोण?... मी काय सांगणार त्याला? ती त्याची... त्याची..."

"त्याची कोण, बाई?"

"ती... जिने त्याला..."

अभिरामने हत्यार मागे घेतलं. भूलतज्ज्ञाने मान वर केली. यंत्राचा टिकटिक आवाज तेवढा येत राहिला.

"आई," बाई म्हणाल्या. "आई होती त्याची."

सगळ्यांचा श्वास सुटला.

मायक्रोस्कोपखाली उरलेला तुकडा अभिरामला स्वच्छ दिसत होता. हरभऱ्याएवढा. राहिला, तर गाठ पुन्हा वाढणार. काढला, तर बाई कदाचित जगतील, पण मुक्या.

"बाई, थोडीच राहिलीय."

"कळलं. तुझ्या आवाजावरूनच कळलं."

"काय करू?"

"सर्जन तू आहेस."

"तुम्ही सांगा ना, बाई!"

"मी सांगितलं, तर तो हात माझा होईल..."

अभिरामने हत्यार पुन्हा आत नेलं. टोक हलत होतं. त्याने मनगट टेकवलं, श्वास रोखला. तरी हलत होतं.

"बंद करू या," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला.

कापडाच्या पलीकडे बाईंनी डोळे मिटून घेतले.

तो पावसाळा बाई बोलल्या. हिवाळाही. वॉर्डात खुर्ची टाकून बसल्या, तरुण डॉक्टरांवर पूर्वीसारख्याच खेकसल्या. उन्हाळा लागला तसे शब्द जाऊ लागले. आधी माणसांची नावं. मग भाज्यांची. मग भूक लागली, तहान लागली, हेही सांगता येईना.

एका संध्याकाळी अभिराम त्यांच्या घरी गेला. बाई गॅलरीत आरामखुर्चीत होत्या. त्यांनी त्याला ओळखलं. हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

तो त्यांच्या पायाशी बसला. 

"बाई, तेवढा तुकडा मी काढला असता तर..."

बाई समोरच्या चिंचेकडे पाहत राहिल्या.

"त्या दिवसापासून दर वेळी थरथरतो हात. हत्यार आत नेण्याआधी थांबतो मी. परवा एका पेशंटच्या नवऱ्याला म्हणालो, सगळी निघेलच असं नाही सांगता येत... मी असं म्हणालो, बाई! मी!"

बाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"आता नाही जमायचं मला. सोडून द्यावं म्हणतो."

बाईंनी त्याचा उजवा हात उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवला. त्यांचे ओठ हलले. शब्द येईना. चिडून त्यांनी मान झटकली, पुन्हा शोधू लागल्या. अभिरामने एकही शब्द सुचवला नाही. तो नुसता थांबून राहिला.

"आता..." बाई म्हणाल्या. "आता... शिकव."