करवादीचा धोंडा

त्या कोपऱ्यातल्या चवळीला हात लावू नका, हे मी तुम्ही गाडीतून उतरल्या उतरल्या सांगितलं होतं. तरी या ताईंनी मूठभर शेंगा तोडल्याच. असो. तोडल्यात तर आता हातात राहू द्या, पिशवीत टाकू नका, आणि सगळे इकडे बांधावर या. आधी गोष्ट ऐका. मग त्या शेंगांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

हा कमरेएवढा काळा धोंडा दिसतो ना, वर बसायला सपाट, त्याला आमच्या भोकरमळ्यात करवादीचा धोंडा म्हणतात. हा देव नाही. दरवर्षी कुणीतरी याला हात जोडतं, कुणी पाठ टेकून फोटो काढतं, आणि दरवर्षी मला सांगावं लागतं की बाबांनो, इथे नवस बोलत नाहीत, इथे गावाला बोल लावतात. श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी गावातली सगळ्यांत वयस्क बाई या धोंड्यावर चढून बसते आणि एकेका घराचं नाव घेऊन करवादायला लागते. चवळी तेव्हा फुलात असते. शेवटच्या वाफ्यातली फुलांची चवळी नांगराखाली जाईपर्यंत ती थांबत नाही आणि तिला उलट उत्तर द्यायची कुणाची टाप नाही. सध्या हा मान माझ्या थोरल्या बहिणीकडे, चंपाक्काकडे आहे. यंदा तिनं पहिलं नाव माझंच घेतलं.

आता तुम्ही विचारणार, चांगली खायची चवळी मातीत का गाडायची? विचारा, सगळेच विचारतात. आमच्या पूर्वजांनीही हेच विचारलं होतं, म्हणून तर एवढं रामायण झालं.

असे सांगतात की फार पूर्वी हा मळा असाच वांग्या-मिरचीचा होता. ओढ्याला पाणी होतं, माणसं कष्टाळू होती, फक्त अक्कल बेताची. वांग्यावर वांगी, मिरचीवर मिरची लावत गेले. आजूबाजूच्या टेकड्या उघड्या, जळणाला काडी नाही, म्हणून सगळं शेण गोवऱ्यांत जायचं आणि चुलीत जळायचं. मातीकडून घ्यायचं तेवढं घेतलं, परत काहीच दिलं नाही. होता होता माती राखेसारखी झाली. रोपं वीतभर वाढायची आणि पिवळी पडायची. शेवटी गाव बसलं आणि ठरलं की इथे आता राम नाही, ओढ्याच्या खालच्या अंगाला नवी जमीन बघायची आणि गाव उठवायचं.

सगळे कबूल झाले. एक बाई झाली नाही. तिचं नाव ठकूबाई.

ठकूबाई आणि तिचा नवरा भिवा यांची जमीन म्हणजे हीच, तुम्ही उभे आहात ती. त्यांना पुष्कळ वर्षांनी मूल झालं आणि बारशाच्या आतच गेलं. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. भिवानं आपल्याच शेताच्या त्या कोपऱ्यात खड्डा खणला. मातीचा उंचवटा उघडा दिसू नये म्हणून ठकूबाईनं त्यावर चवळीचे दाणे टाकले, म्हणे. वेल पसरला, सगळं झाकलं गेलं. ती रोज तिथे जायची, पण त्या वेलाची शेंग तिनं कधी तोडली नाही. गाव उठलं तर त्या कोपऱ्यावर दुसऱ्याची गुरं फिरणार, कोल्ही उकरणार, हे तिला दिसत होतं. म्हणून ती म्हणाली, मी हलणार नाही.

मूल गेल्यावरच्या पहिल्याच श्रावणात पावसानं तो उंचवटा खचला होता. ठकूबाईनं ओढ्याकाठची माती पाट्या भरभरून आणून तिथे ओतली. वेल फुलात होता, त्याचा बराचसा भाग त्या मातीखाली गेला. पुढे तिथे कडेला वांग्याचं एक रोप आपोआप उगवलं. सगळ्या मळ्यात वांगी पिवळी, आणि हे एकटं काळंभोर, पानं हाताएवढी, फांद्या वांग्यांनी वाकलेल्या. लोक म्हणाले, लेकराची पुण्याई. ठकूबाईनं पुण्याई वगैरे काही मानलं नाही. तिनं शेजारच्या दोन वाफ्यांत चवळी पेरली. एक फुलात असताना गाडली, दुसरी शेंगा काढून घेऊन मग गाडली. मग दोन्हीकडे वांगी लावली. पहिल्या वाफ्यात वांगी फोफावली, दुसऱ्यात जेमतेम. गाडायच्या आधी तिनं चवळीचा एक वेल उपटून मुळं बघितली होती, तर त्यांना मोहरीएवढ्या गाठीच गाठी. तिला कळलं ते एवढंच, की वेल फुलात असतो तोवर त्याचा जोर मुळापानांत असतो. शेंग भरली की तो जोर दाण्यात जातो आणि मातीला राहतो तो पाचोळा.

तिनं गावाला हे सांगितलं. गाव तयार होईना. कोंडाजी नावाचा एक म्हातारा होता, गावात त्याच्या शब्दाला मान. तो म्हणाला, "आगं, खायाचं धान मातीत गाडायचं? अन्न हाय ते. पाप लागंल."

तेव्हा ठकूबाई म्हणाली, "म्या पोटचा जीव ह्या मातीत ठिवला, कोंडाजीबाबा. तुमास्नी चार शेंगा ठिववंनात?"

असे सांगतात की यावर सगळी सभा रडली. कोंडाजीनं डोळे पुसले, भिवाच्या पाठीवर हात ठेवला. ठरलं की गाव एवढ्यात उठवायचं नाही, सगळ्यांनी चवळी पेरायची आणि फुलात गाडायची. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण ही भोकरमळ्याची माणसं. माझीच आहेत म्हणून बोलतो, यांच्यासारखी रडून होकार देणारी आणि मग काहीच न करणारी माणसं तुम्हाला शोधून सापडायची नाहीत.

चवळी फुलली तेव्हा नागपंचमी आली. पंचमीला जमीन नांगरायची नाही, नागाला इजा होते. बरोबर आहे, मान्य. दुसऱ्या दिवशी कोंडाजी म्हणाला, आता राखीपुनव होऊ द्या, लेकीबाळी माहेरी आल्यात. मग गोकुळाष्टमी आली. मग म्हणाले, पोळा तोंडावर आलाय, बैलांना कुठं जुंपता, पोळ्यानंतर बघू. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! आणि पोळ्यापर्यंत चवळी काय यांची वाट बघत थांबणार होती? शेंगा लोंबायला लागल्या. शेंगा दिसल्या तशा बायका पाट्या घेऊन गेल्या, शेंगा घरात, वेल बैलांपुढे. मातीला पुन्हा ठेंगा. वांगी पुन्हा पिवळी पडली आणि हेच लोक म्हणायला लागले, ठकूबाईच्या चवळीत काही राम नाही, चला आपण गाव उठवू.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच, पालथ्या घड्यावर पाणी. मला आजही हे सांगताना चीड येते. एका बाईचं एवढं एकच मागणं, तेही यांच्याच भल्याचं. आणि यांना सण आडवे येतात!

तिसऱ्या वर्षी गावानं सांगून टाकलं की पोळा झाला की बिऱ्हाडं हलवायची. मग मात्र ठकूबाईनं व्रत घेतलं. आपल्याकडे बायका उपास धरतात, मौन धरतात. ठकूबाई भिवाला म्हणाली, "न्हाई. मौनानं ह्यांचं फावतंय. म्या आता तोंड मिटायची न्हाई." नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ती या धोंड्यावर येऊन बसली आणि तिनं सुरुवात केली. एकेकाचं नाव घेऊन. कोण कुठल्या सणाची सबब सांगतो, कुणाच्या घरी चवळीची उसळ शिजते आणि वांगी विकत आणावी लागतात, कोण तिच्या लेकराच्या नावानं रडला आणि घरी जाऊन शेंगा सोलत बसला, सगळं. किती दिवस, ते मला विचारू नका. कुणी तीन सांगतं, कुणी सात. मी तिथे नव्हतो. पाऊस आला तरी ती उठली नाही. भिवा भाकरी घेऊन यायचा तर त्यालाही ऐकवायची, कारण तोही पोळ्याची वाट बघणाऱ्यांतलाच होता. लोक आधी हसले, मग वैतागले, मग कानाला मुंडासं बांधून हिंडायला लागले. नांगर मात्र कुणी धरला नाही.

एका सकाळी धोंड्यावरून आवाज आला नाही.

गाव म्हणालं, सुटलो. दमली एकदाची! कोवळ्या शेंगा डोकावायला लागल्या होत्या. कोंडाजी सगळ्यांच्या पुढे पाटी घेऊन निघाला. धोंड्याजवळ येऊन बघतो तर ठकूबाई बसलेलीच. डोळे तारवटलेले, ओठ फुटलेले, आणि ते ओठ हलतायत. आवाज नाही. घशातून नुसती वाफ. भिवा तिच्या पायाशी बसला होता.

"काय म्हणती रं ती?" कोंडाजीनं विचारलं.

भिवा म्हणाला, "तुमचंच नाव घेतीया, बाबा. सकाळधरनं तेवढंच चाललंय."

कोंडाजीनं पाटी पालथी घातली, घरी गेला आणि बैल जुंपून आणले. आपल्या नव्हे, आधी भिवाच्या रानात त्यानं नांगर घातला. त्याच्या मागे भिवाचा, मग एकेक करत सगळ्यांचे. पोळा येण्याआधी सगळा मळा पालथा झाला होता आणि त्या साली जी वांगी आली, ती बघायला म्हणे खालच्या गावची माणसं आली. गाव उठलं नाही. ठकूबाईचा आवाज मात्र परत आला नाही. मरेपर्यंत ती बोलली नाही. पुढच्या श्रावणात चवळी फुलली तशी गावाला चुटपूट लागली, धोंडा मोकळा कसा ठेवायचा? तेव्हा कोंडाजीची म्हातारी स्वतःहून वर चढली, आणि तिनं पहिलं नाव नवऱ्याचं घेतलं.

आजही ते तसंच चालतं. नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला आहे. परवा पोरांनी चंपाक्काला माइक आणून दिला, तर तिनं तो ओढ्यात भिरकावला. म्हणाली, घसा बसला न्हाई तर बसून उपेग काय? आणि आजही ट्रॅक्टर चालू करायच्या आधी आमचा माणूस म्हणतोच, पोळा झाल्यावर केलं तर नाही का चालणार? बियाण्यासाठी म्हणाल तर बांधावर वेगळी चवळी ठेवतो, तिच्या शेंगा हव्या तेवढ्या न्या.

या कोपऱ्यातल्या नाही. इथे आजही नांगर जात नाही, ट्रॅक्टरही वळसा घालतो. वेल आपला उगवतो, फुलतो, शेंगा तिथेच पडतात, पुन्हा उगवतो. साऱ्या मळ्याला ठकूबाईनं नावानिशी हाका मारल्या, पण ज्याचं बारसं झालं नाही त्याला काय म्हणून हाक मारायची? म्हणून आम्ही त्या जागेला काही नाव दिलेलं नाही.

ताई, रडू नका. रडून आमच्याकडे काही होत नाही, ते तुम्ही आत्ताच ऐकलंत. त्या शेंगा वेलाच्या बुडाशी ठेवून या. आणि चपला इथेच काढा.