शेवटच्या खुर्चीवरचं पाणी

मंगळवार होता, नळाला पाणी येण्याचा दिवस. नदीकाठच्या त्या गावात देवयानी नावाची मुलगी नळाखाली बादली लावून उभी होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. बादली भरली, वाहू लागली, तरी तिचं लक्ष नव्हतं.

आत तिचा वामनमामा जमिनीवर बसून जुनी वायर गुंडाळत होता. अंगठा आणि कोपर यांच्यामधून वायरीचे वेढे घ्यायची त्याची सवय फार जुनी होती. वामनमामानं चाळीस वर्षं लग्नांत लाऊडस्पीकर लावले. आईवडिलांमागं देवयानीला त्यानंच वाढवलं.

"मामा, नव्या हॉटेलच्या लाउंजमधून फोन होता. येत्या रविवारी संध्याकाळी गाणी लावायला बोलावलंय. पैसे देणार आहेत!"

मामानं डावा कान पुढं केला. कर्ण्यांशेजारी आयुष्य काढल्यामुळं उजवा कान केव्हाच गेला होता. देवयानीनं पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

"लाउंज म्हणजे काय गं?"

"मऊ खुर्च्या, मंद दिवे. लोक सरबत पितात, खातात, गप्पा मारत बसतात. आवडलं तर दर रविवारी बोलावतील. नाही आवडलं तर संपलं."

"मग आधी जागा बघायला जाऊ. अजून डावा कान शाबूत आहे माझा."

देवयानीच्या डोळ्यांपुढं चित्र उभं राहिलं. मऊ खुर्च्यांच्या रांगा, आणि त्यांतून हातात पिशवी, खिशात टॉर्च घेऊन फिरणारा मामा. तो काय करील हे तिला पक्कं ठाऊक होतं. लोक हसतील, तिला वाटलं.

"आता सगळं मशिनवर दिसतं, मामा. तुला पुढच्या वेळी नेते."

"बरं," मामा म्हणाला, आणि उरलेली वायर गुंडाळू लागला.

देवयानी लहान होती तेव्हा मामा तिला सायकलच्या दांड्यावर बसवून लग्नाला नेई. मागं कॅरिअरला कर्णा बांधलेला असे. रेकॉर्डची लाकडी पेटी तिच्या मांडीवर. मांडवात पोचलं की मामा बांबूवर कर्णा चढवायचा, एक रेकॉर्ड लावायचा आणि तिला म्हणायचा, "माझा हात दिसेल तिकडं बघ."

मग तो चालत मांडवाच्या मागं जाई. तिथं चुली पेटलेल्या असत, बायका पुऱ्या लाटत असत. त्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपुढं उकिडवं बसून तो विचारी, "आजी, गाणं ऐकू येतंय?"

"येतंय की."

"आता शेजारणीकडं पाणी मागा. रोजच्यासारखं मागा, ओरडू नका."

आजी पाणी मागे. शेजारणीनं तांब्या पुढं केला, तर मामा मांडवाच्या टोकाकडून पंजा आडवा धरून दाखवी. म्हणजे इतकंच राहू दे. शेजारीण "आं?" म्हणाली, तर तो सगळा मांडव तुडवत परत येई आणि बटण गव्हाच्या दाण्याएवढं मागं घेई. जमलं की बटणाशेजारी खडूनं खूण करी.

दुसरे भोंगेवाले त्याची थट्टा करत. "काय वामन, भोंगा लावलायस का कानात कुजबुजतोयस?"

मामा म्हणे, "लग्न त्यांचं आहे. आपला फक्त भोंगा आहे."

पुढं मोठ्या आवाजाचे दिवस आले आणि मामाची गिऱ्हाइकं गेली. तरी बटण त्यानं पुढं नेलं नाही.

देवयानी मात्र आवाज शिकली ती नव्या दिवसांत. आजवर तिनं मैत्रिणींच्या हळदीत आणि कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये फुकट गाणी लावली होती. तिथं जितका आवाज मोठा तितक्या टाळ्या जास्त. तीच तयारी तिनं या वेळीही केली. पाच दिवस दार लावून, कानांवर हेडफोन चढवून बसली. कुठलं गाणं कुठं संपेल आणि दुसरं कुठून उचलायचं, सगळं घड्याळासारखं बसवलं. लाउंज बघायला एकदाही गेली नाही.

रविवारी मामानं तिच्या वायरी नीट गुंडाळून पिशवीत भरल्या. दारात म्हणाला, "शेवटच्या खुर्चीपर्यंत जाऊन ये, देवू."

"हो रे मामा!" ती म्हणाली आणि रिक्षात बसली.

सहा वाजता अजून ऊन होतं. लाउंज हॉटेलच्या गच्चीवर होतं आणि खुर्च्या भरल्या होत्या. देवयानीनं पहिलं गाणं लावलं तसे सगळे एकदम वळून बघू लागले. तिला वाटलं, जिंकलं! तिनं आवाज आणखी थोडा चढवला.

पण कुणी उठून नाचलं नाही. लोक एकमेकांच्या कानाला तोंड लावून बोलू लागले. वेटरनं एका टेबलावर भलतंच काही आणून ठेवलं आणि तिथं वाद झाला. एक कुटुंब उठून गेलं. पाठोपाठ दुसरं. मॅनेजर अत्तारसाहेब तिच्याजवळ येऊन काहीतरी सांगू लागले. तिला ऐकू येईना. शेवटी त्यांनी ऑर्डरच्या कागदावर लिहून दाखवलं, 'पाहुणे उठतायत.'

देवयानीनं गाण्यांची यादी चाळायला घेतली. यापेक्षा जोरकस गाणं लावावं, असंच तिच्या मनात आलं. ती ते शोधत होती, तेवढ्यात तिची नजर शेवटच्या खुर्चीवर गेली. तिथं एक आजी बसल्या होत्या. त्या वेटरकडं बघून अंगठा ओठांशी नेत होत्या. पाणी मागत होत्या, खुणेनं.

देवयानीचा हात जागीच थांबला.

तिनं आवाज खाली आणला. एक लांबलचक, शांत गाणं लावून ती सगळ्या खुर्च्यांमधून चालत शेवटपर्यंत गेली आणि आजींपुढं उकिडवी बसली. चार जण बघत होते.

"आजी, गाणं ऐकू येतंय?"

"आत्ता येतंय. मघापासून नुसते दणके खात होते मी. तू लावतेस होय गं? चेहऱ्यावरून तर गरीब वाटतेस!"

आजूबाजूचे हसले. देवयानीही हसली.

"आता पाणी मागा ना. रोजच्यासारखं."

"मागते बाई. आणणारा असला म्हणजे झालं." आजी मान न वळवताच म्हणाल्या, "अरे, पाणी दे जरा."

दोन टेबलं पलीकडचा वेटर वळला आणि ग्लास घेऊन आला.

देवयानी परत आली आणि पर्समधलं काजळ काढून बटणाशेजारी खूण केली. बसवून आणलेली निम्मी गाणी तिनं बाजूला ठेवली. लोक काय बोलतायत, कधी हसतायत हे बघत ती एकेक गाणं लावत गेली. त्यानंतर कुणी उठलं नाही. जाताना अत्तारसाहेब म्हणाले, "पुढच्या रविवारी या. वेळेवर या."

घरी मामा जागाच होता. गाणी कुठली लावली, टाळ्या पडल्या का, असलं त्यानं काही विचारलं नाही.

"पाणी मिळालं?"

"मिळालं, मामा."

मामानं आडवा पंजा धरून दाखवला आणि ताट वाढायला घेतलं. आपल्याला त्याची लाज वाटली होती, हे देवयानी त्या रात्री त्याला सांगणार होती. सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी त्याला न्यायचं तिनं ठरवलं. मग वाटलं, अजून दोन रविवार जाऊ देत, हात बसू दे, म्हणजे त्याला चांगलं ऐकवता येईल. मामा तिच्या वायरी गुंडाळून देत राहिला. रविवार येत गेले. दिवाळीनंतर त्याला ताप आला. ताप उतरला, पण जाताना डावा कान घेऊन गेला.

त्यानंतरच्या रविवारी देवयानी त्याला घेऊन गेली. पांढरा शर्ट घातलेला, खिशात टॉर्च असलेला मामा आपणहून शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसला. कुणी हसलं नाही. तिनं गाणं लावलं. मामा हळूच काहीतरी बोलला. आपण किती हळू बोललो हे त्याला स्वतःलाही कळलं नसेल. शेजारून जाणारा वेटर थांबला आणि पाणी घेऊन आला.

मामा ते सगळं प्यायला. मग गच्चीच्या टोकाकडून त्यानं पंजा आडवा धरून दाखवला.

त्या संध्याकाळी देवयानीनं पुष्कळ गाणी लावली. मामाला त्यांतलं एकही ऐकवायचं राहून गेलं.

तात्पर्य: कामाची तयारी दार लावून पुरी होत नाही, शेवटच्या खुर्चीपर्यंत चालत जाऊन विचारावं लागतं; आणि ज्यानं आपल्याला हे शिकवलं, त्याला पुढच्या वेळेवर ठेवू नये.