कोरी अबोली

कॅनडातल्या एका मोठ्या तळ्याकाठी इवल्याशा झोपडीत अबोली आणि तिची आई राहायच्या. झोपडीला फटी, अबोलीच्या बुटांना भोकं. आई रोज होडीनं पलीकडच्या हॉटेलात भांडी घासायला जायची. अबोली मात्र काठावर बसून खोक्यांच्या फळ्यांवर चित्रं रंगवायची. फार पूर्वी या रानांतून चित्रकार अशाच छोट्या फळ्या घेऊन हिंडायचे, असं आई सांगे. ते पानं मोजत बसायचे नाहीत. शेंदरी डोंगर, जांभळं पाणी आणि पुढ्यात वाऱ्यानं वाकलेला काळाकुट्ट पाइन वृक्ष. झालं चित्र!

एका दुपारी वारा पिसाळला. तळ्याच्या मधोमध आईची होडी गरगरू लागली. अबोली पाण्यापर्यंत धावली.

"आई! आई गं!"

तेवढ्यात मेपलच्या लालचुटुक पानावरून करंगळीएवढी चमचमती परी उतरली. तिच्या हातात सोनेरी कुंचला होता.

"यानं रंगवशील ते खरं होईल, बाळ. पण रंग कुणाकडून तरी घ्यावा लागतो. ज्याचा घेशील, तो कोरा होतो. आणि कोऱ्याला कुणीसुद्धा ओळखत नाही हं!"

होडीपर्यंत पोचेल असा लांबलचक पाइन हवा होता. म्हणजे काळा रंग हवा. परीनं कुंचला अबोलीच्या हाती दिला आणि लव्हाळ्याकडे बोट दाखवलं. तिथे पाणपक्ष्याचं काळंभोर पिल्लू थरथरत होतं. कुंचला जवळ येताच त्यानं डोळे मिटून घेतले.

"नको! याची आई याला शोधत येईल ना," अबोली हुंदके देत म्हणाली.

होडी कलंडली. अबोलीनं कुंचला आपल्याच काळ्याभोर वेणीला लावला आणि फळीवर सपकन फटकारा मारला.

काठावरचा पाइन करकरला, वाकला, लांबच लांब झाला. आईनं फांदी घट्ट धरली. फांदीनं होडी अलगद काठाला ओढून आणली.

पण अबोलीची वेणी पांढरी, गाल पांढरे, फ्रॉकही पांढरा! तोंडातून आवाज फुटेना. आई इकडेतिकडे बघत हाका मारत होती. आता आई मला कध्धीच ओळखणार नाही! अबोली भीतीनं गोठून गेली.

आईची नजर त्या पांढऱ्या मुलीवर पडली. ती धावत आली आणि तिनं अबोलीला कोटात ओढून घेतलं.

"अगं अबोली, केवढी गारठलीस! आणि तोंडाला हे काय फासलंस?"

परी खुदकन हसली. "माझा नियम आयांना ठाऊकच नाही वाटतं!"

तिनं अबोलीच्या फळीवर कधीही न संपणाऱ्या रंगांची डबी ठेवली. लख्ख उजेड पडला आणि त्यात परी दिसेनाशी झाली. आईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती अबोलीचे गाल चोळत होती, आणि ते हळूहळू गुलाबी होत होते.