एकही तक्रार नाही

"मोबाइल टॉवरवरच्या आपल्या सिग्नलच्या पेट्या दुरुस्तीवाचून टिकायच्या नाहीत," असं यमुनाबाई वर्षभर कानीकपाळी ओरडल्या, पण कुणाला पटलं तर शपथ. कंपनीत निम्मी भागीदारी असली, तरी चौथी शिकलेल्या बाईचं ऐकतो कोण? धंदा वाढवायचा म्हणून डायरेक्टर निरंजन मोकाशींनी दुरुस्तीची माणसं काढून विक्रीची भरली.

तरी डोंगरपट्ट्यातून नवी मागणी येईना. तिथला विक्रेता तुळशीराम याला घरी बसवायचं ठरलं.

बैठकीत मोकाशी म्हणाले, "माल चोख आहे. डोंगरातून तक्रारीचा एक फोन नाही. तुळशीरामच कामचुकार."

"तिथल्या गिऱ्हाइकाला आत्ता फोन लावा की," यमुनाबाई म्हणाल्या.

मोकाशींनी लावून पाहिला. लागेना.

"पेटीच बंद पडल्यावर तक्रारीचा फोन त्यानं करायचा कुठून?"

कंपनीच्या अध्यक्षांनी विचारलं, "मग घरी कुणी बसायचं, बाई?"

"निरंजन मोकाशी."