मारू न दिलेली रेघ

फार पूर्वी नाईल नदीकाठच्या एका देवळात एक दगड होता. त्यावर वर्षाच्या तीनशे पासष्ट रेघा होत्या. पहिल्या रेघेच्या पहाटे व्याधाचा तारा उगवायचा आणि मागोमाग नदीला पूर यायचा. पूर ओसरला, की दगड दाखवील त्या दिवशी शेतकरी पेरायचे.

चार वर्षांनी शराटी पक्षी म्हणाला, "दगडोबा, तारा एक दिवस उशिरा आला."

"मग ताऱ्याला सांग," दगड म्हणाला.

पाथरवट सेनेब छिन्नी घेऊन आला. "दर चार वर्षांनी एक दिवस जास्त धरायला हवा, देवा. एक बारीक रेघ मारू?"

"राजाने घडवलेल्या तोंडावर ओरखडा?" दगड गुरकावला. सेनेबने छिन्नी पिशवीत टाकली.

चूक वाढत गेली, पण माणसांनी दगडाचं ऐकणं सोडलं नाही. पिढ्या गेल्या, आणि एके वर्षी पेरणीचा दिवस पूर ओसरण्याआधीच आला. पेरलेलं सगळं बी वाहून गेलं. पुढल्या वर्षीही गेलं. गाव उठलं, देऊळ ओस पडलं.

आता वाळूत आडव्या पडलेल्या दगडावर शराटी येऊन बसतो आणि सांगतो, "तारा आला. पाणीही आलं." पेरायला कोणी नाही. वाऱ्याने दगडाच्या सगळ्या रेघा पुसून टाकल्या आहेत. त्यांतली एकही त्याला आठवत नाही. आठवते ती फक्त मारू न दिलेली.